दुसऱ्या प्रोसेसरचा पहारा

३ मार्च २००४, बुधवार. सकाळी ८.
यंत्रखोलीत कोणीतरी येऊन गेलं. खुर्ची दोन बोटं सरकलेली आहे. किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला असते. उकाड्यामुळे मी दार उघडं ठेवतो हे खरं, पण म्हणून काय कोणीही आत शिरावं?
संशय: एल्बिया. आमच्या रेडिओची निवेदिका. वीस वर्षं ओळखतो मी तिला, म्हणूनच संशय.

दुपारी १.
बंदोबस्त केला. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. नाव ‘पहारेकरी’. दर दोन सेकंदांनी तो स्क्रीनचा फोटो काढून साठवतो. कोणी काही चाळवाचाळव केली की सापडलंच. कोणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

५ मार्च, शुक्रवार.
कॉम्प्युटर मंदावला. वय.
गाणी, जाहिराती, मयताच्या बातम्या, आणि ज्या मळ्यांवर फोन नाही तिथल्या लोकांना द्यायचे निरोप, सगळं एल्बिया आधी रेकॉर्ड करते. कॉम्प्युटर ते एकामागून एक वाजवतो. आज एका निरोपानंतर नऊ सेकंद काहीच वाजलं नाही. रेडिओत नऊ सेकंद म्हणजे फार. अर्ध्या तालुक्याने ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या बदलल्या म्हणे.
दोष यंत्राचा. बुडालेल्या बँकेच्या लिलावातून घेतलेलं. ज्याने बँक सांभाळली नाही तो रेडिओ काय सांभाळणार!

९ मार्च, मंगळवार.
मालकांनी बोलावलं. सेलियारमालक तसे बोलत नाहीत, टोपी फिरवत बसतात. आज बोलले. म्हणाले, एदिसॉन, काल पाच वेळा शांतता गेली हवेत. महिनाअखेरपर्यंत थांबलं नाही तर यंत्रखोलीची किल्ली एल्बियाकडे दे.
किल्ली! सतरा वर्षं मी तांत्रिक विभागाचा प्रमुख आहे. (विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.) माझं नाव एदिसॉन. आईने काही विचार करूनच ठेवलं असणार.
मी म्हटलं, मालक, वेग दुप्पट करून दाखवतो. कसा, ते त्यांनी विचारलं नाही हे बरं झालं.

१० मार्च, बुधवार.
खोकं उघडलं. आत प्रोसेसरच्या शेजारी तसल्याच दुसऱ्या प्रोसेसरची जागा आहे, आणि ती रिकामी! बँकेने ही गोष्ट इतकी वर्षं लपवून ठेवली. एका बैलाची गाडी रेटत होतो आम्ही. दुसरा जुंपला की वेग दुप्पट. साधा हिशोब आहे.
संकल्प: दुसरा प्रोसेसर आणायचाच.
सकाळी माटे प्यायच्या बैठकीत जाहीर केलं. थर्मास नेहमीप्रमाणे एल्बियाच्या काखेत. ती तुंब्यात गरम पाणी ओतते, तुंबा एकेकाच्या हातात जातो, कडू काढा नळीने ओढायचा आणि परत द्यायचा. ती म्हणाली, अरे एदिसॉन, तुंबा एक आणि पाणी ओतणारे दोन झाले तर कोणाचा तरी हात भाजणार. मग म्हणाली, यंत्र बिघडायच्या आधी तू काही नवीन केलं होतंस का? मी नाही म्हटलं. पहारेकरी गुप्त आहे, तो धरायचा नसतो.
तिचा तो सूर मला लागला. तुंबा परत देताना मी मुद्दाम ‘ग्रासियास’ म्हटलं. आमच्याकडे तुंबा परत करताना आभार मानले की माणूस फेरीतून उठला. पण मी ते उपरोधाने म्हटलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

११ मार्च.
तुंबा माझ्यासमोरून पुढे गेला.

१२ मार्च.
आजही. सगळ्यांचं आधीच ठरलेलं दिसतं. घरून स्वतंत्र थर्मास आणणार.

१५ मार्च.
थर्मास घरी विसरला.

१९ मार्च, शुक्रवार.
बसने रिव्हेराला गेलो. अडीच तास. तिथे रस्ता ओलांडला की ब्राझील, म्हणून सगळं मिळतं. दुकानदाराकडे अगदी तसलाच प्रोसेसर होता. इतक्या सहज मिळाला की शंकाच आली.
त्याने विचारलं, प्रोग्राम कुठला चालवता? मी म्हटलं, सत्त्याण्णव सालचा, उत्तम आहे. त्यावर तो मान हलवत म्हणाला, साहेब, तो प्रोग्राम एकट्या प्रोसेसरच्या काळातला. घरात दोघं आहेत हे त्याला कळणार नाही. दोन कामं एकदम सुरू करून बसेल. आधी नवीन प्रोग्राम घ्या.
ओळखलं मी. नवीन प्रोग्राम गळ्यात मारायचा होता त्याला. प्रोसेसर खिशात घातला आणि निघालो. मला रिव्हेरात गंडवणारा अजून जन्मायचाय.

२० मार्च, शनिवार. संध्याकाळ.
जमलं!! दुसरा प्रोसेसर बसवला. स्क्रीनवर आता एकाऐवजी दोन आलेख. शांतता नऊ सेकंदांवरून शून्यावर. शून्य!
जुन्या प्रोसेसरचा आलेख तळाशी लोळतोय आणि नव्याचा छताला टेकलाय. म्हणजे सगळा रेडिओ नवाच ओढतोय. जुने लोक असेच असतात, नवा माणूस आला की पाय पसरतात.
मालकांनी पाठीवर थाप मारली. एल्बियाही म्हणाली, छान झालं हो. ‘हो’ नको होता.
संकल्प: दारावर माझ्या नावाची पाटी मागायची. पितळी.

२४ मार्च, बुधवार.
घात झाला.
साडेअकराच्या निरोपांत सेर्रो नेग्रोच्या मळ्यावरच्या वारेलाला निरोप होता की बायको सुखरूप आहे, मुलगा झाला. त्याच क्षणी गुरांच्या लिलावाची जाहिरात सुरू झाली. दोन्ही एकदम, एकमेकांत मिसळून. मळ्यावर ऐकू गेलं ते असं: मुलगा झाला, वजन सातशे चाळीस किलो, स्वभाव शांत, उद्या दहा वाजता लिलाव.
वारेला ट्रॅक्टर घेऊन थेट रेडिओवर आला. मुलगा तीन किलो आहे हे कळेपर्यंत बसला नाही. एल्बिया व्हरांड्यात भिंतीला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं तयार हसू आयत्या वेळी येत नाही. तिनेच काहीतरी केलंय.
पहारा वाढवला. आता सेकंदाला दोन फोटो. शिवाय कुठला प्रोग्राम यंत्राची किती ताकद खातोय ती यादी दिवसभर स्क्रीनवर उघडी ठेवणार. चोर रंगेहाथ सापडला पाहिजे.

२६ मार्च.
हवामान आणि नाचाचं कुम्बिया गाणं एकदम वाजले. दोन श्रोत्यांनी फोन करून पुन्हा लावायला सांगितलं. हा घातपात धरत नाही.

३० मार्च, मंगळवार.
हे लिहवत नाही.
मालकांच्या आई आउरेलियाबाई गेल्याला रविवारी वर्ष होतंय. त्यांच्या प्रार्थनेची सूचना दुपारी वाजली. तिच्यावरच झुरळांच्या औषधाची जाहिरात चढली. आमची लाडकी आई, एका फवाऱ्यात आडवी, पुन्हा उठणार नाही.
मालक गाडीत ऐकत होते. आले. ओरडतील असं वाटलं होतं. ते टोपी काढून माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, आई शेवटच्या दिवशीसुद्धा हाच रेडिओ लावून होती, एदिसॉन. बंद करू का विचारलं तर नको म्हणाली.
मला खरंच फार वाईट वाटलं. बाई दर नाताळला मला अंजिराचा मुरंबा द्यायच्या. बरणी परत मागायच्या नाहीत.
मी म्हटलं, मालक, गुन्हेगार उद्या पुराव्यानिशी हजर करतो.

३१ मार्च, बुधवार.
पुरावा: एका आठवड्याचे बारा लाख फोटो. दाखवायला दोनशे निवडले. मालक आणि एल्बिया समोर. मी उभा.
मालकांनी चष्मा लावला. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण गुरांच्या बाजारात वाढलेला माणूस, यादी आधी वाचतो. चार-पाच फोटो बघून म्हणाले, एदिसॉन, प्रत्येक फोटोत यादीत सगळ्यात वर हा कोण पहारेकरी? शंभरातलं अर्धं यंत्र हा एकटाच खातोय. आपला माणूस आहे का?
मी सांगितलं, ती सुरक्षाव्यवस्था आहे. गुप्त.
एल्बियाने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, तीन मार्च. तिने तिची वही उघडली. हवेतली प्रत्येक चूक ती त्यात लिहिते. पहिली शांतता, तीन मार्च, दुपारी सव्वा वाजता. माझ्या लक्षात ती दोन दिवसांनी आली, हे तिने बोलून दाखवलं नाही. मलाच दिसलं.
मी विचारलं, मग खुर्ची कोण सरकवतं? ती म्हणाली, अरे बाबा, रोज जाताना तू खिडकी उघडी टाकतोस. पाऊस आला की पाणी थेट यंत्रावर. सतरा वर्षं ती खिडकी कोण लावतंय असं वाटलं तुला? खुर्चीवर चढल्याशिवाय माझा हात पुरत नाही.
मग तिने विचारलं, हा तुझा पहारेकरी बंद कुठून होतो? मी दाखवलं. हात आपोआप गेला. नव्या प्रोसेसरचा छताला टेकलेला आलेख धप्पकन खाली आला आणि तळाशी झोपला. रेडिओसाठी तो कधी काही करतच नव्हता. माझे फोटो काढत होता.
तिने सांगितलं, दोन आवाज एकमेकांवर चढायला लागले ते हा नवा प्रोसेसर आल्यापासून, आता याला बाहेर काढ. काढला. दोन तास आम्ही तिघं ऐकत बसलो. निरोप, गाणं, जाहिरात, मयत, सगळं आपापल्या पाळीने. शांतता नाही, गर्दी नाही. फेब्रुवारीत वाजायचं तसंच.
मालकांनी हात पुढे केला. मी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. ग्रासियास म्हणाले.

४ एप्रिल, रविवार. पासो ओन्दो.
बहिणीच्या मळ्यावर आलोय. तब्येतीसाठी. इथे फोन नाही. माझं कोणाशी काही भांडण नाही.
संकल्प: त्या रेडिओत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बहिणीचा ट्रान्झिस्टर दिवसभर लावतो, तो फक्त चुका टिपायला. वही सोबत आणली आहे. सकाळी आउरेलियाबाईंची प्रार्थना ऐकली. कोणी मध्ये बोललं नाही.
आजच्या चुका: शून्य. संशयास्पद.

६ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२.
साडेअकराचे निरोप ऐकत होतो. सेर्रो नेग्रोच्या वारेलाला: बारशाला दूध कमी पडतंय, घेऊन ये. मग एल्बियाच्याच आवाजात पुढचा. पासो ओन्दोला बहिणीकडे असलेल्या एदिसॉन लारोसा यांना निरोप. तुमचा प्रोसेसर ऑफिसात पाकिटात ठेवला आहे. किल्ली माझ्याकडे आहे, पण यंत्राचा पंखा कसा साफ करायचा ते मला येत नाही. सोमवारी या. आणि ते ‘ग्रासियास’ मागे घेणार असाल, तर तुंबा भरून ठेवते.
लगेच पुढचा निरोप सुरू झाला. मध्ये श्वासाएवढीही जागा नाही.
बहिणीने चुलीजवळून विचारलं, काय रे, तुझंच नाव घेतलं ना? काय झालं?
मला नऊ सेकंद काही बोलता आलं नाही. मग म्हटलं, बॅटरी गेली असेल.