वरचा हात, खालचा हात

६ नोव्हेंबर
बीपी १४८/९६. पुन्हा! खुर्चीत बसून, हात टेबलावर छातीच्या उंचीला – बालाघाटच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसंच. १४० च्या वर गेलं की लगेच फोन करा म्हणाल्या, भरती करू, वेळ पडली तर बाळ लवकर काढू.

लवकर काढू देणार नाही. मागच्या वेळी सातव्यात काढलं. मी बेशुद्ध होते. दोन तास जगलं म्हणे. मला तोंडही बघायला मिळालं नाही. आता आठवा लागलाय. जितके दिवस पोटात राहील तितकं बरं. फोन केला नाही.

७ नोव्हेंबर
सासूबाई म्हणाल्या, "बसून काहून मोजून राह्यली? डाव्या कुशीवर झोप ना. डॉक्टरनीनं सांगतलं तुले, बाळाले रक्त चांगलं भेटते."

झोपले. पट्टा उजव्या, वर आलेल्या हाताला. १३२/८२! केवढं हायसं वाटलं. नवऱ्याला, रवीला, मलाजखंडला फोन केला, खाणीत ड्यूटीवर होता. "हौ ना, मी म्हनलो होतो, काही नाही होत!" म्हणाला बिचारा.

१० नोव्हेंबर
१३०/८४. १३४/८४. सगळे कुशीवरचे. मॅडमना व्हॉट्सॅपवर पाठवले – कुशीवर मोजलेत हे काही लिहिलं नाही. त्यांचा अंगठा आला.

११ नोव्हेंबर
पाय सुजलेत. चप्पल चढत नाही.

१३ नोव्हेंबर
आज नववीला द्रवाचा दाब शिकवला. हिंदीत, आमच्या लांजीच्या शाळेत सगळं हिंदीतच. टाकी एकच, पण वरच्या मजल्यावरच्या नळाला धार बारीक आणि अंगणातल्या नळाला जोराची, का सांगा? सांगता सांगता माझीच बोबडी वळली. कुशीवर झोपलं की वरचा हात छातीच्या वीतभर वर जातो. म्हणजे तिथे दाब कमीच भरणार! छातीपाशी तो आहे तेवढाच आहे.

तेरा वर्षं हेच शिकवते आहे मी. मला कळलं नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू? कळून घ्यायचं नव्हतं. घरी आल्यावर बसून मोजायचं ठरवलं होतं. मोजलं नाही. भीती वाटली.

१४ नोव्हेंबर
शाळेत गेले नाही. सकाळपासून डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. कुशीवर पडून पट्टा मुद्दाम खालच्या, डाव्या हाताला लावला – १६८/१०६. मग वरच्याला – १४६/९०. दोन्ही हात माझेच! खरा आकडा मधे कुठेतरी. आणि आता तर वरचा हातसुद्धा साथ देईना.

मशीन कपाटात कोंबलं. मला माझं बाळ पोटात हवंय, बस! सासूबाईंनी मला डोकं धरून बसलेलं पाहिलं आणि रवीला फोन लावला.

१५ नोव्हेंबर
रवी सकाळीच गाडी घेऊन आला. "चाल, बालाघाटले." मी दाराची चौकट धरून ओरडले, नाही येणार! लवकर काढतील आणि हेही मरेल, मागच्यासारखं!

सासूबाईंनी चौकटीवरचा माझा हात धरला. "थे दोन घंटे जगलंच नोतं, पोरी. पोटातच गेलतं. तुयं बीपी वाढलं होतं आन् आमीच न्याले उशीर केला. तुले जराकसं बरं वाटन म्हून तसं सांगतलं."

मी कपाटातून मशीन काढलं.

खुर्चीत बसले. हात टेबलावर. १६४/१०२. मॅडमना मीच फोन केला – निघालोय, आजच काढा.