मीटर महेशच्या नावावर

२ फेब्रु., सोम.
सोलरवाला गच्ची बघून गेला. ऊन भरपूर, सावली कशाची नाही म्हणाला. महेशनं घरातले दिवे, पंखे सगळे कमी विजेचे बसवून घेतले होते. पॅनेल तेवढी राहिली. त्याला जाऊन सात महिने झाले.
"काका, मीटर कुणाच्या नावावर?"
"मुलाच्या."
"मग अर्ज त्यांच्याच नावानं. न्हायतर आधी नाव बदलून घ्या."
पुढचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

४ फेब्रु., बुध.
नाव बदलायचा फॉर्म आणला. मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. सुमननं वाचून, घडी घालून परत दिला. "त्याचं नाव काढायचं न्हाय." मग भाकरी थापायला बसली. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. बायकोवर चिडायचं सुद्धा विसरलो की काय.

७ फेब्रु., शनि.
अर्ज भरला, महेशच्याच नावानं. चूक आहे, कळतं. ओटीपी त्याच्या नंबरवर. फोन सुमन रोज चार्ज करते हे माहीत होतं, रिचार्जही मारते हे नव्हतं. तिनंच आकडे वाचून दाखवले. भात वाढू का विचारते त्याच आवाजात.

२० फेब्रु., शुक्र.
त्याच्या फोनवर मेसेज: अर्ज मंजूर, अभिनंदन. सुमननं फोन देवापुढं ठेवला. चहा केला. दोघांनी घेतला.

११ मार्च, बुध.
पॅनेल बसली. गच्चीवरून कारखान्याचा धूर दिसतो. महेश म्हणायचा, "पप्पा, ते आपल्या हातात न्हाय. आपल्या घरापुरतं बघूया की." झालं बघून. बरं वाटेल अशी समजूत होती. गुडघे दुखले, खाली आलो.

१३ मार्च, शुक्र.
दुपारी सोलरवाल्याचा फोन. पॅनेलसमोर मीटरमालकाचा फोटो लागतो म्हणे. "उद्या धाला येतो. महेशरावांना घरात थांबायला सांगा." मी तोंड उघडायच्या आत सुमन फोनपाशी येऊन म्हणाली, "या की. हाय त्यो घरात."
फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, उभं कोण राहणार?"
तिनं महेशचा निळा शर्ट काढला, इस्त्री फिरवली. "तुमीच ऱ्हावा. घालून बघा."
घातला. खांद्यात बरोबर बसला. बटणं तिनं लावली आणि माझ्याकडं बघतच राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. भीती वाटली.
काढ म्हणाली नाही. लिहितोय तेव्हा अजून अंगातच आहे. उद्या दहाला त्या माणसाला काय सांगणार, माहीत नाही.