कौसाबाईंचा हेल

१२ जून, नांदेड
धाकट्या भावाचं, दिनूचं पार्सल. कॅसेट आणि पत्र. व्हायोला आणि ऑर्केस्ट्रासाठीची त्याची रचना पुरी झाली. हिवाळ्यात वाजणार, परदेशात. एकट्या व्हायोलाचा भाग कौसाबाईंच्या रडण्यावरून घेतलाय. भूकंपानंतर मीच टेप केलेलं, मीच त्याला पाठवलेलं. ‘छापील प्रतीवर बाईंचं नाव घालतो. संमती तू घेतलीच आहेस, एका ओळीचं लेखी पाठव.’
घेतली नव्हती. घेतली असं कळवलं होतं.

१३ जून
ऐकलं. चाल अशी नाही. ऑर्केस्ट्रा घुमतो, मध्येच गप्प होतो. मग व्हायोला. व्हायोलिनपेक्षा जाड, घोगरा. हेल लगेच ओळखला.
ही डोकावली. “टेप अडकला का?”
“असंच आहे ते.”
“भावजींना एवढं शिकून हेच सुचलं?”
हसलो. बंद केलं.

१५ जून
लिहून टाकतो. पत्र्याच्या शेडमध्ये कौसाबाई गेलेल्या मुलीला, सुरेखाला, हाका मारून रडत होत्या. बायका सांगत सांगत रडतात तसं. काय खायची, कुठं निजली होती. संपल्यावर पाहिलं, बटण दाबलंच नव्हतं. म्हणालो, मावशी, परत एकदा.
त्यांनी पदर सारखा केला. परत रडल्या.
माझा लोकसाहित्यावरचा निबंध त्यावरच. नाव झालं.

२१ जून, लातूर
आमच्या निशूला अकरावीच्या क्लासला सोडलं. कौसाबाई इथंच मेसमध्ये पोळ्या लाटतात. निशूचं जेवण तिथंच लावलं. दुपारी टेप घेऊन गेलो.
“सर, लई वाळलाव की. बसा.”
सांगितलं. सगळं नाही. मग ऐकवलं. लाटणं थांबलं.
“कोन रडायलंय?”
“माणूस नाही. वाद्य आहे.”
भाजी चिरणारी शहनाज म्हणाली, “कौसाक्का, तुझ्यावानीच रडतंय की गं हे डबडं!”
कौसाबाई हसल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं.
“ह्यात सुरेखाचं नाव कुठं आलं?”
वाद्याला नाव घेता येत नाही, म्हणालो.
“मंग नुस्तं रडनंच नेलं म्हना की.”
संमतीचा कागद खिशातच.

२४ जून, नांदेड
दिनूला पत्र. तीनदा फाडलं. ‘तुला कळवलं होतं ते’ इथपर्यंत येतो, आणि

२९ जून
निशूचा फोन. कौसाबाईंचा निरोप, त्यांच्याच शब्दांत: “वाजवायचं का न्हाई ते मागून बगू. आदी त्या मानसाला हिकडं आना. पोरगी कशी होती ते सांगते त्याला. आन् सरांला म्हनावं, मशीन आनू नका.”
“पप्पा, कुठली पोरगी?” निशू.
आल्यावर सांगतो, म्हणालो.
पत्र टाकलं. संमती नव्हती, मी खोटं कळवलं, छपाई थांबव, लातूरला ये. दिनू येईल असं वाटत नाही. नाही आला तर त्यांच्या समोर मलाच बसायचंय.