मंत्री जिच्यावरून उठेनात ती खुर्ची

मी, परराष्ट्र खात्यात पाहुण्यांना कुठे बसवायचे हे ठरवण्यात हयात घालवून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की :

१. दागिने सुनेला. तिने ते आधीच पसंत करून ठेवले आहेत.

२. दिवाणखान्यातील हातांची खुर्ची नातीला. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा मी घरी आणली. तिची हकीकत अशी. पूर्वी आपल्या देशाला कोणी विचारत नसे. परिषदेच्या फोटोत आपले मंत्री खांबाआड असत. मग दिवस पालटले आणि दोन्ही महासत्ता गोडीगुलाबीने वागू लागल्या. एका मेजवानीला दोघींचा हट्ट एकच : मंत्री आमच्याच शेजारी बसतील.

आमचे सचिवसाहेब म्हणाले, "बाई, नाही कुणालाच म्हणू नका."

"मग हो कुणाला म्हणू?"

"तेही नको."

म्हणून मी मंत्र्यांचे सूप एकीकडे आणि जेवण दुसरीकडे ठेवले. दोन फेऱ्यांतच त्यांचा गुडघा धरला. मधल्या या खुर्चीत ते मटकन बसले. "आता मी हलत नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी इकडे यावं!"

मी दोघांची माफी मागायला निघाले. पण दोन्ही पाहुणे आपापल्या ताटल्या घेऊन आले, आणि दोघांशीही व्यापाराचे करार तिथेच ठरले. वर्तमानपत्रांनी याला 'स्वतंत्र आणि ठाम परराष्ट्र धोरण' म्हटले. गुडघ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

३. सचिवसाहेबांनी त्या धोरणावर जाडजूड पुस्तक लिहिले. आता संग्रहालयासाठी खुर्ची मागतात. ती त्यांना मिळू नये. फारच आग्रह धरला तर माझ्या कपाटातले गुडघ्याचे मलम द्यावे.

४. नात नुकतीच त्याच खात्यात लागली आहे. बाळ, जग बदलते आहे. उद्या तिसरा कोणी गोड बोलत येईल. सगळ्यांशी हसून बोल, पण पाय दुखायच्या आधीच बस.

५. हे लिहिताना यजमानांनी विचारले, "माझ्या वाट्याला काय?"

"घर. तुमच्यानंतर मुलांना निम्मं निम्मं."

"आणि तू कुठे चाललीस?"

प्रश्न रास्त आहे. सबब या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याची कोणी घाई करू नये.

लिहून ठेवणार : सही

साक्षीदार : शेजारचे दंतवैद्य (सही), धाकटी जाऊ (सही, चष्मा सापडेना म्हणून न वाचता)

ठिकाण : स्वयंपाकघर

दिनांक : नातीचा पहिला पगार झाला तो शुक्रवार