दर्भाचा कावळा

सोमवार, ५ जानेवारी
सकाळी मनमाडहून अण्णांचा फोन. आवाज ओळखू आला नाही. घोगरा, फाटका.
"अरे नित्या, मीच बोलतोय. घशात कावळा बसलाय दोन महिने."
हसले. मी हसलो नाही.
तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, नाशिकला जाऊन दाखवून घ्या. उद्या येतायत. दोन महिने झाले आणि मला आज सांगतायत.
त्यांनी दुसरा कुठलाही पक्षी घ्यायला हवा होता.

मंगळ., ६ जाने.
नाशिकरोडला आणायला गेलो. गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरले. मालगाडीचे गार्ड होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत हलत नाहीत. मी बॅग धरून उभा.
घरी बायकोने, रश्मीने, मऊ खिचडी केली. घास गिळताना ते डोळे मिटतात. मी मोजत नव्हतो, तरी दिसत होतं.
स्वयंपाकघरात रश्मी म्हणाली, "सांगितलंस त्यांना?"
"काय?"
"काय म्हणे!"
नाही सांगितलं. चार वर्षं सांगितलेलं नाही.

गुरु., ८ जाने.
नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ. डॉक्टर तरुण, स्क्रीनकडे बघत बोलतात. "तुकडा काढून तपासायला पाठवू. सोमवारी या."
"कशाची असेल?"
"तपासल्याशिवाय कसं सांगणार?"
बरोबर आहे. पण त्यांनी अण्णांना विचारलं, तंबाखू किती वर्षं? आणि अण्णांनी बोटांवर हिशेब केला, आणि दोन्ही हात संपले.
रिक्षात अण्णा म्हणाले, "अठराला तुझं ते मोठं शूटिंग आहे ना? मी आहेच तोवर. येतो बघायला."
अंगाला थंडी सुटली. थंडी होतीही.

शनि., १० जाने.
आज स्पष्ट लिहितो. इथे तरी.
हॉस्टेलवर असताना मोबाइलवर एका आयरिश कॉमेडियनचा कार्यक्रम पाहिला होता. बारीक माणूस, स्टुलावर पाण्याचा ग्लास. त्याच्या बापाचं मयत. प्रेत घरात, शेजारीपाजारी सँडविच खातायत, आणि सगळे हसतायत. पुढे तो सिनेमातही दिसला, तिथेही तसाच थकलेला. मला वाटलं, हे आपल्याकडे करता येईल. आपल्याकडे रामकुंड आहे.
त्याचा बाप खरंच गेला होता. तेवढं मी पाहिलं नाही.
माझा भाग असा. अण्णांचं दहावं. पिंड मांडलाय, कावळा शिवत नाही. गुरुजींना पुढची पार्टी उभी. आत्या म्हणते, नित्या, त्यांची इच्छा राहिली असेल, बोल काहीतरी. मी हात जोडून म्हणतो, अण्णा, रेल्वेत लागतो. कावळा मान वाकडी करून बघतो. अण्णा जिवंत असतानाही असंच बघायचे. मी म्हणतो, परीक्षा देतो. कावळा उडून समोरच्यांच्या पिंडावर. शेवटी गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करतात, तो हातात धरून पिंडाला लावायला जातात, तर तोही तोंड फिरवतो.
इथे हॉल फुटतो. प्रत्येक गावात. मनमाडला शो घेत नाही, आणि अण्णांचा फोन बटणांचा. चांदवडला एक म्हातारे खुर्चीवरून घसरले होते.
याच भागाने मला मालिकेतला पोस्टमन मिळवून दिला. सेटवर मेकअपवाल्या दादांनी विचारलं, "वडील कधी गेले, सर?" मी म्हणालो, झाली चार वर्षं. त्यांनी माझ्या कपाळाला पावडर लावता लावता हात थांबवला. तिथेच खरं सांगायला हवं होतं.
खरं दहावं आईचं. कावळा तासाहून जास्त शिवत नव्हता. मावशी म्हणाली दागिन्यांचं बोला, मामा म्हणाला घराचं बोला. मग अण्णा पुढे झाले. "नित्याला नाटक करू देतो. नोकरीचं नाव काढणार नाही." कावळा उतरला. अण्णांनी शब्द पाळला, आजवर.
आईवर विनोद करता येईना. म्हणून पिंड तोच ठेवला, माणूस बदलला.

सोम., १२ जाने.
तुकडा काढला. भूल उतरताना अण्णांचा हात हवेत हलत होता, झेंडी धरल्यासारखा.
आठ दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी.
घरी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून दिलं. पाठकोऱ्या पानांवर लिहितात. पहिलं पान : "चहा गार चालेल."
मी मानत नाही असल्या गोष्टी. पण भीती मानण्यावर चालत नाही. चार वर्षं, आठवड्यातून एकदा-दोनदा, माईकवर, मोठ्याने मी त्यांना मारत आलोय.

मंगळ., १३ जाने.
आज वाईट झालं.
घसा दाखवायला गेलो होतो. बाकावर दोघे. एक सिस्टर थबकली. "अय्या, तुम्ही ते कावळावाले ना? आमच्या घरी सगळे बघतात तुम्हाला!" मग अण्णांकडे बघून, "हे कोण?"
एक क्षण होता. पुरेसा होता.
"काका," मी म्हणालो.
"वाटलंच. चेहरा किती सारखा!" तिने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "भावाचं दुःख वेगळंच असतं हो, काका. पण पुतण्याने नाव काढलं."
अण्णांना बोलायला बंदी. माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून मान हलवली, दुखवट्याला आलेल्या माणसाला हलवतात तशी.
घरी निघालो. गंगापूर रोड कुंभासाठी खणलेला, रिक्षा हिंदकळत होती. मी त्यांच्या घशाला धक्का बसू नये म्हणून रिक्षावाल्यावर ओरडलो. अण्णांनी माझा हात दाबला.
जेवणाआधी पान पुढे सरकवलं.
"माझा कुठला भाऊ गेला?"
सांगितलं. सगळं नाही. बरंचसं. रश्मी दारात उभी.
अण्णांनी लिहिलं, "मी कधी गेलो?"
"चार वर्षांपूर्वी."
"कशाने?"
"ते... ते सांगत नाही स्टेजवर."
त्यांनी मान डोलावली. पान भरलं होतं. घडी घालून खिशात ठेवलं.

बुध., १४ जाने.
संक्रांत. अण्णांपुढे तिळगुळाची वाटी धरली. "तिळगूळ घ्या आणि..." तिथेच थांबलो. ज्याला बोलायला बंदी त्याला काय गोड बोल म्हणणार. रश्मीला हसू आवरेना. अण्णांचे खांदे हलले. आवाज नाही. हसले की ठसका, कळलं नाही. मी धावत पाणी आणलं.
मग त्यांनी एकच ओळ लिहिली. "अठराचं तिकीट. कडेची खुर्ची."

शुक्र., १६ जाने.
तुषारला फोन केला, शो तोच लावतो. म्हटलं, कावळा काढतो.
"कावळा नाही तर काय, चिमणी सोडू स्टेजवर? मुंबईहून तीन कॅमेरे येतायत कशासाठी?"
"अण्णा येतायत."
"कोणते अण्णा?"
तुषारही. चार वर्षं माझ्याबरोबर फिरतोय आणि त्यालाही वाटतं, अण्णा गेलेत.
तालीम केली, शेवटची दहा मिनिटं सोडून. शेवट नसलेला तास. दुपारी अण्णा झोपले होते, छाती हलते का बघायला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा ते डोळे उघडे ठेवून पडले होते.
रश्मी म्हणाली, "खोट्या मरणाने आयुष्य वाढतं म्हणतात."
"कोण म्हणतं?"
"सगळेच म्हणतात."
"आणि मुद्दाम सांगितलं तर? टाळ्यांसाठी?"
ती कपडे घडी करत राहिली.

सोम., १९ जाने.
काल काही लिहिता आलं नाही. आता सकाळ.
हॉल भरलेला. अण्णा कडेच्या खुर्चीत, तिसरी रांग, मफलर. पहिली पन्नास मिनिटं बरी गेली. लोक हसत होते आणि त्या हसण्यात एक भोक होतं, तिसऱ्या रांगेत. आवाज नसलेला माणूस हसतो की नाही, स्टेजवरून दिसत नाही. लाइट डोळ्यांवर.
मग वेळ आली. मी पाणी प्यालो. पुन्हा प्यालो. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ दादा, कावळा!" दुसरा, "आणा की कावळा!" टाळ्या, काव काव. मी पुन्हा ग्लास उचलला, रिकामा होता. तुषार विंगेतून हात फिरवतोय, चालू कर.
अण्णा उभे राहिले. वाटलं, निघाले. त्यांनी उजवा हात वर केला आणि हलवला, संथ, गाडी सोडताना गार्ड हलवतो तसा. आणि खाली बसले.
मी भाग केला. दर्भाच्या कावळ्यावर हॉल फुटला. लोक उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.
मेकअपरूममध्ये आले. माझ्याच स्क्रिप्टच्या मागे लिहायला लागले. मी वाचत उभा.
"आईच्या वेळी तासावर लागला होता. तू पाच मिनिटांत उरकलंस. घाई करतोस."
"हो अण्णा."
"कावळा मान वाकडी करतो ते चांगलं."
"हो."
पेन थांबलं. मग खाली, लहान अक्षरात, "रेल्वेची नोकरी ही माझी इच्छा नाही."
"मग कोणती?"
पेनाचं टोक पुन्हा कागदावर टेकवलं. मला वाटलं, लिहितील.
"आत्ता सांगितलं तर तेव्हा काय करशील?"
टोपण लावून पेन खिशात. तुषार आत आला, "काका, कसा वाटला शो?" मी म्हणालो, "काका नाही. हे माझे वडील." तुषार हसला. त्याला वाटलं, नवीन विनोद आहे. अण्णा माझ्या शेजारी उभे, मफलर सारखा करत. तुषारचं हसू हळूहळू गेलं.

मंगळ., २० जाने. स. १०.४०
हॉस्पिटलचा तोच बाक. पाकीट आलंय, आत डॉक्टरांच्या टेबलावर आहे. आमच्या आधी दोन जण.
ती सिस्टर दिसली. "काय काका, बरे आहात का?" मी उठलो. म्हणालो, हे माझे वडील आहेत, मी त्या दिवशी खोटं बोललो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग अण्णांकडे. "म्हणजे ते कावळ्याचं सगळं...?" अण्णांनी हात जोडले. ती आत गेली.
आजपासून बोलायला परवानगी. सकाळपासून त्यांनी एक शब्द उच्चारलेला नाही. चहा हवा तर बोट दाखवलं. मी म्हटलं, अण्णा, आता बोललात तरी चालेल. त्यांनी तळहात उभा धरला. थांब.
घाबरलेत. पहिल्यांदा दिसतंय मला. कुठला आवाज निघेल याला घाबरलेत, की काय सांगावं लागेल याला.
मी विचारणार नाही. तासभर थांबायचं असतं.
एक जण आत गेला. एक राहिला.
अण्णांनी माझ्या बाहीला धरलंय.