टाळूवरची गाठ

आई, तुझ्या पणतीच्या टाळूवर गाठ आली होती. सतरा वर्षांची पोर. पहिल्यांदा तिनं मलाच दाखवली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून. "आज्जी, दुखत न्हाय, पण जिभेला सारखं लागतंय." मी बोट लावून बघितलं. हरभऱ्याएवढी, टणक, गुळगुळीत. कडक भाकरीनं खरचटलं असेल, म्हटलं. आपल्या सोलापुरात टाळूला दुसरं काय होतं? आणि तू आठवलीस. लहानपणी माझ्या टाळूला भाकरीचा तुकडा लागला की चुलीपुढं मला मांडीवर आडवी घ्यायचीस, बोटानं हळद-तूप लावायचीस, वर दटावायचीस, "चावून खा की, घाई कसली?" दोन दिवसांत बरं व्हायचं. मीही तेच केलं. रोज हळद-तूप, भाकरी दुधात भिजवून. शिवाय पोरीला बजावलं, "आईला सांगू नको, उगं घाबरंल."

असे चार महिने घालवले मी. गाठ बोराएवढी झाली तेव्हा माझंच धाबं दणाणलं, एकटीच तिला दवाखान्यात घेऊन गेले. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दुखत नाही म्हणून थांबलात? न दुखणारी गाठही लगेच दाखवायची असते." गाठीचा तुकडा तपासायला गेला, तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. देवापुढं बसायची, पण मागायला तोंड होत नव्हतं. मग रिपोर्ट आला. लाळेच्या ग्रंथीची साधी गाठ, कॅन्सर नाही. तरण्या पोरांनाही होते म्हणे, पण भोवतालच्या थोड्या भागासकट पुरती काढावी लागते, नाहीतर परत येते.

काढली. आता टाळू झाकायला प्लास्टिकची प्लेट बसवलीय, जखम छान भरतीय. बोलणं बोबडं झालंय, पण थांबलेलं नाही. काल गार खीर भरवताना म्हणते, "आज्जी, मी आ केला की तू बी आ करतीस. तुलाबी तपासायचंय काय?" सगळं घर हसलं. हसता हसता सून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या ध्यानात आलं म्हणून बरं. न्हायतर हिनं कुणाला सांगितलंच नसतं." पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप पुढचा घास घेतला. मीही चमचा पुन्हा भरला.

तुझ्या हळद-तुपाचा काही दोष नाही, आई. तू जखम बघून लावायचीस, मी गाठीला लावत बसले. हे पत्र पाठवायचं कुठं? तुला सांगणं सोपं, तू रागवायला उरली नाहीस. सून पलीकडं भांडी घासतीय, आणि तिला मी त्या चार महिन्यांचं खरं अजून सांगितलेलं नाही.