गोळीचं आवर्तन

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज रागानं लिहितेय, आधीच सांगते. कालव्याच्या दारांच्या किल्ल्या तुम्ही ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात, त्यात आज दिलीपच्या बीपीच्या गोळ्या सापडल्या. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही!

विचारलं तर तुमचा लेक म्हणतो, "ताई, सध्या बंद हाय. अण्णांवानीच आवर्तनानं घेतो ना मी."

ऐकलंत? शेतजमीन वाटून दिलीत ते ठीक, पण हेही द्यायचं होतं का?

डिंभ्याच्या कालव्यावर जन्मभर पाटकरी होतात तुम्ही, पाण्याची दारं उघडणारे-मिटणारे. डॉक्टरांनी गोळी रोज घ्या म्हटलं, तर तुम्ही कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनासारखी महिनाभर घ्यायचात आणि महिनाभर बंद ठेवायचात. वर मलाच शिकवायचात, "अगं, कायम पानी सोडलं तर रान चोपण व्हतं, पीक येत न्हाई. आंगाचंबी तसंच. डोकं दुखत न्हाई, मंग कशाला?"

आणि मी काय केलं? हा किस्सा सासरी हसत हसत सांगितला. अण्णा कसे हुशार म्हणून! त्याची लाज आजही जात नाही.

मग तुमचे पाय सुजले, किडन्या निकामी झाल्या आणि नारायणगावला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या. जीपमध्ये तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायचात. तिथल्या डॉक्टरबाईंनी एकदा फाइलच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीच हार्मोन सोडतात म्हणे. काही नळी सैल करतात, काही आवळतात. किडनी बिघडली की आवळणारी वरचढ होतात, मग प्रेशर चढतं, आणि त्या प्रेशरनं किडनी आणखी बिघडते. दुखत काहीच नाही. तुमची गोळी ते आवळणं रोखायला होती.

एवढंच होतं हो! आधीच्या डॉक्टरांनी "मीठ कमी करा, रोज घ्या" याच्यापुढे एक वाक्य का सांगितलं नाही? पाटकऱ्याला आवळलेल्या दाराची गोष्ट कळली नसती? आणि तुम्ही तरी का विचारलं नाहीत? पाण्याच्या पाळीवरून अख्ख्या गावाशी भांडायचात, दवाखान्यात मात्र मान डोलावून परत!

दहाव्याला लोक म्हणत होते, "लई सोशिक मानूस, कधी दुखतंय म्हनले न्हाईत." मला ओरडावंसं वाटलं.

आज ते पाकीट घेऊन दिलीपला हाताला धरून कालव्यावरच्या तुमच्या दाराशी नेलं. म्हटलं, "खाली दार आवळलं आणि वरून पाणी येतच राहिलं तर?"

"भराव फुटतो," तो म्हणाला.

गोळी म्हणजे पाणी नव्हे, अण्णा. गोळी म्हणजे पाटकरी. पाणी चालू असताना तुम्ही एक दिवस तरी दार सोडून घरी बसलात का? मी तापानं फणफणले होते तेव्हाही आला नाहीत. मग तुमच्याच अंगातल्या पाटकऱ्याला महिना-महिना रजा कशी दिलीत?

दिलीपनं तिथेच पाकीट फोडलं आणि एक गोळी घेतली. तुमचं नाव काढून रडला.

तुम्हाला शब्द देते. रोज सकाळी त्याला फोन करीन, आणि गोळी गिळल्याशिवाय फोन ठेवणार नाही. चिडू दे, शिव्या देऊ दे. तुमच्यावर मी हसले होते, त्याच्यावर हसणार नाही.

अजून रागावलेली,
तुमची सुनंदा